भुरीला लावलेली चटक

डूख साप धरतो म्हणतात. पिंपळगाव रेणुकाईच्या कचरूला ज्यांनी पाहिलंय, त्यांनी सापाला उगाच बदनाम करू नये.

पंच्याऐंशी सालापर्यंत हा माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. थोडी कोरडवाहू शेती, दुर्गाबाईसारखी खमकी बायको आणि तित्तर धरायचा वाडवडिलांपासूनचा नाद. बंदूक त्यानं कधी हातात धरली नाही. कुत्री पुढं चालायची, गवतात तित्तराचा वास आला की एक पाय उचलून जागच्या जागी थिजायची, मग कचरू मागून येऊन झुडपावर जाळं फेकायचा. शिकारीला बंदी होती, पण कायद्याला माळावर कुणी पाहिलं नव्हतं. पाळायची ती बापाची एकच ताकीद, अंड्यावरच्या पाखराला हात लावायचा नाही. कुत्रीलाही तेच वळण होतं. घरटं लागलं की ती मान फिरवून वाट बदलायची.

त्या साली गावचा बडा बागायतदार तातेराव यानं जालन्यातल्या मस्तगडच्या पाहुण्यांना शिकार दाखवायला कचरूला आणि त्याच्या चांदी कुत्रीला सोबत घेतलं. चांदी थिजली. पाखरू उठायची वाट न बघता तातेरावानं बार टाकला आणि छर्रे चांदीच्या बरगडीत गेले. कचरूनं तिला उचलून छातीशी धरलं, तर तातेराव पाहुण्यांदेखत हसला.

"कुत्रंच व्हतं, कचरू. माणूस थोडंच मेलं? दुसरं पाळ."

तिथंच चार शिव्या हासडल्या असत्या तर कचरू मोकळा झाला असता. पण तो गप्प राहिला, आणि गप्प माणसाचा राग वाईट. चांदीला पुरून आल्यावर त्यानं रेणुकाईची आण घेतली, "तातेरावाच्या ताटात ह्या माळाचं तित्तर परत पडू देणार न्हाई!"

तातेरावाचा सगळा तोरा त्या ताटावरच होता. सोयरे, साहेब, पुढारी त्याच्याकडं तित्तर खायला यायचे. ते बंद झालं की तातेरावाचं नाक कापलं, असं कचरूचं गणित. माळ तसाही आक्रसत होता. कपाशीसाठी नांगर फिरत होता, फवारणीनं किडे मरत होते, थवे विरळ झाले होते. दुसऱ्या कुणा शिकाऱ्याला वाईट वाटलं असतं. कचरू खूश झाला! उरलेली जाळ्यानं धरून संपेनात, तेव्हा त्याला मुळावरच घाव घालायचं सुचलं.

चांदीची पोर भुरी आता कामाला आली होती. कचरू तिला भाकरीत कच्चं अंडं कुस्करून घालू लागला. तिनं तोंड फिरवलं, तर उपाशी ठेवली.

दुर्गाबाई कडाडली, "आवो, काय करून राह्यले हे? कुत्र्याला अंड्याची चटक लागली की सुटत न्हाई. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन!"

"कापू दे," तो म्हणाला.

भुरी शिकली. उन्हाळ्यात बोरीच्या बुडाशी घरटं हुडकायची, अंडी फोडून चाटायची आणि वर बघायची. कचरू डोक्यावर हात फिरवून म्हणायचा, "शाब्बास!" पहिल्या दिवशी त्यानं टरफलं मातीत लपवली. पुढं त्याला गोडी लागली. दुर्गाबाईच्या कोंबड्यांची अंडीही भुरी ठेवीना, तरी तो हसायचा. तीन उन्हाळ्यांत माळ मुका झाला.

मग तातेरावाच्या घरी साखरपुडा निघाला. त्याचं उतरलेलं तोंड बघायला कचरू धुतलेलं धोतर नेसून गेला. बघतो तर पंगतीत पाहुणे बोटं चाटत होते.

"तित्तर भेटलं न्हाई वाटतं, दादा?" त्यानं मुद्दाम विचारलं.

"कोण खातंय आता तित्तर? नुस्ती हाडं! बॉयलर कोंबड्या आणल्या जालन्यातून. बंदूक तर कवाच विकली मी. बस, बस, जेवून घे."

"आन माझी चांदी?"

"कोण चांदी रे?"

तातेराव सोंग करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. इतकी वर्षं कचरू ज्याच्यावर सूड उगवत होता, त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

कचरू न जेवता उठला. बाहेर थांबलेली भुरी त्याच्या मागं चालू लागली. माळावर आला आणि बांधावरून तित्तराचा आवाज आला, "कतीतर, कतीतर!" त्याचे पाय थबकले. नर होता, मादीला साद घालत होता. म्हणजे जोडी उरली होती! त्याला रडूच फुटलं. आपण काय करून बसलो ते त्याला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि एवढी एक जोडी तरी जगू दे, म्हणून त्यानं रेणुकाईला हात जोडले.

तेवढ्यात पुढं गेलेली भुरी एक पाय उचलून थिजली होती. अगदी चांदीसारखी. बोरीखालून मादी भर्रकन उडाली.

"भुरे, न्हाई! सोड! न्हाई!"

तो ओरडत धावला. पण या जागी तिनं 'न्हाई' कधी ऐकलंच नव्हतं. तो पोचेपर्यंत टरफलं उरली होती. कचरूनं दात ओठ खात हात उगारला. पिवळं तोंड घेऊन भुरी शेपूट हलवत पुढं आली आणि त्या उगारलेल्या हाताखाली तिनं डोकं आणून ठेवलं.