गीझर आणि गारवा

मस्कतमधला आमचा पहिलाच उन्हाळा होता. भाड्याच्या घरातला जुना गीझर प्लंबरने आदल्या दिवशी दुरुस्त केला, पण रात्रभर चालू ठेवूनही तो तापेना. प्लंबर रत्नागिरीचा, उद्याच सुटीवर गावी निघणारा. म्हणून मी त्याला लगेच बोलावून घेतलं.

त्याने ऐटीत नळ सोडला. “बघा ताई, कसा चटका बसतोय!”

“भाऊ, हा गार पाण्याचा नळ आहे. गच्चीवरची टाकी उन्हाने तापलीय.”

मग मी गीझरचा नळ सोडला. घरात एसी चालू असल्यामुळे गीझरमधलं पाणी छान निवलेलं होतं. त्याने ओंजळ भरून तोंडावर मारली आणि डोळे मिटले.

“ताई, हे तर आमच्या विहिरीचं पाणी!”

मीही तोंड धुतलं. आम्हाला हसू आवरेना. तेवढ्यात नवरा टॉवेल घेऊन आत घुसला. “आधी माझी अंघोळ!”

प्लंबरने ओशाळून पाना उचलला. “खोलतो, आत्ता नीट करतो.”

“खबरदार, हात लावाल तर!” मी ओरडले.

“म्हणजे काम बरोबर झालं ना?”

“नोव्हेंबरपर्यंत अगदी बरोबर!”