येनान नावाचं अवघड गाव

जयवंताबाई वानखड्यांचं तोंड बंद करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं सारं वलगाव म्हणे. गाव चुकत होतं. तो माणूस जन्मला होता आणि रोज जयवंताबाईंच्याच हातची भाकर खात होता. त्यांचे यजमान, नानाजी. बिचारे बोलून काय तोंड बंद करणार? त्या घरात बोलायला त्यांना जागाच कुठे होती! बंद करी ते त्यांचं नाव.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे सगळ्याच बाया पाळत. पण जयवंताबाईंना नावाचा नुसता वास आला तरी शब्द बाद. नानकटाईला त्या 'गोल बिस्कुट' म्हणत आणि कार्तिकस्नानाला 'कार्तिकातली आंघोय'. एकदा कीर्तनात बुवा म्हणाले, "नाना परी समजावले..." तर बाईंनी लाजून पदर तोंडावर ओढला. बुवांचा भलताच गैरसमज झाला आणि ते पुढचा अभंगच विसरले.

एकोणीसशे एकोणचाळीस साल. हिंदुस्थानचे डॉक्टर चीनच्या लढाईतल्या जखमींची सेवा करायला गेले होते. त्यांच्यासाठी अमरावतीत मोरोपंत वकिलांच्या सरोजिनीबाईंनी कापूस जमवायचं काढलं. वलगावातून गाठोडं तयार झालं ते एकट्या जयवंताबाईंचं. स्वतः वेचलेला, सरकी काढून पिंजलेला कापूस. फुंकर मारली तर अचलपुरात जाऊन पडावा इतका हलका. तो भर सभेत, ठेजवर म्हणजे स्टेजवर चढून, स्वतःच्या हातानं द्यायचा, एवढी एकच हौस त्यांनी धरली होती. लग्नात बोहल्यावर चढल्या त्यानंतर त्यांच्याकडे इतक्या लोकांनी एकदम कधी पाहिलंच नव्हतं.

सभेच्या आदल्या दिवशी सरोजिनीबाई तालीम घ्यायला वलगावला आल्या.

"एकच वाक्य. 'वलगावच्या स्त्रियांचा हा कापूस येनानला जावो.' आपले डॉक्टर तिथेच पोचलेत. म्हणा पाहू."

"वलगावच्या बायायचा हा कापूस..." जयवंताबाई धडाक्यात निघाल्या आणि बैल अडावा तशा अडल्या. "हा कापूस... तिकडं जावो."

"तिकडं कुठे?"

"तुमी म्हनल्या नं आता, थ्या गावाले. चीनले म्हनलं त चालत नाही काय?"

"अहो, अर्ध्या चीनमध्ये जपानी शिरलेत! त्यांच्या हाती पडायचा आपला कापूस."

थोरली जाऊ पार्वताबाई याचीच वाट पाहत होती. "बाईसाहेब, तिले नाही जमाचं. त्या गावात आमचे नानाजी बसून हायेत नं!" धाकट्या दिराचं नाव घ्यायला तिला कसली आडकाठी? "येनान! येनान! पाहा, मले कसं येते."

"मंग कापूसबी तुमीच वेचाचा होता, बाई," जयवंताबाई म्हणाल्या.

सरोजिनीबाईंना हसू आवरेना, पण त्या हटल्या नाहीत. "वर्तमानपत्रवाले येणार आहेत. गाव स्पष्ट यायलाच हवं. नाही आलं, तर गाठोडं पार्वताबाई देतील."

दुसऱ्या दिवशी बैलांच्या दमणीत बसून अमरावतीला जाताना जयवंताबाईंनी सराव सुरू केला. पार्वताबाई शेजारी डुलक्या घेत होती. "ये..." एवढं निघालं. हिंमत करून पुढे गेल्या. "ये ना..."

नानाजींनी कासरा ओढला. बायकोनं त्यांना इतक्या लाडानं बोलावल्याचा हा पहिलाच प्रसंग. मागे वळून, मिशा सारख्या करत ते म्हणाले, "मले बलावून राहिली काय?"

"तुमाले नाही! बैल हाका."

सभेच्या दारात सरोजिनीबाई उभ्याच होत्या. "जमलं?"

"ठेजवर म्हनीन," जयवंताबाई म्हणाल्या. तोवर पार्वताबाईचा हात गाठोड्यावर पडला होता. तो झटकून, गाठोडं छातीशी धरून, कुणी अडवायच्या आत जयवंताबाई पायऱ्या चढल्या.

वर जाऊन वळल्या. समोर बायाच बाया, हळदीकुंकवाला जमाव्यात तशा. त्या पाहिल्या आणि बाईंना एकदम सुचलं. नाव घ्यायची एक तर वाट आपल्याला आईनं शिकवलीच आहे की! डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात उखाणा घेतला:

"पऱ्हाटीले फुटलं बोंड, पांढरं झालं रान,
नानाजीरावाचा कापूस चालला येनान!"

बायांनी टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. सरोजिनीबाई डोळे पुसत गाठोडं घ्यायला पुढे झाल्या. तेवढ्यात मागून पुरुषांतला कुणीतरी ओरडला, "आयकू नाही आलं! कोन्या गावाले?"

जयवंताबाईंनी पुढे केलेलं गाठोडं मागे घेतलं. नाव पुन्हा घ्यायचं तर उखाणा नवा पाहिजे, आणि जवळ होता तो संपला. पार्वताबाई अर्धी उठलीच.

तोच पुरुषांच्या बाजूला नानाजी उभे राहिले. चार लोकांत त्यांचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता. तो इतका मोठा असेल असं त्यांनाही वाटलं नसावं. मुठी आवळून ते ओरडले, "येनान! येनानले जाते आमचा कापूस!"

साऱ्या माना तिकडे वळल्या.

जयवंताबाईंनी गाठोडं सरोजिनीबाईंच्या हातात दिलं, कमरेवर हात ठेवले आणि नानाजींकडे पाहिलं.

"तुमाले कोनं इचारलं? बसा खाली!"

हे मात्र अगदी शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.