दिगंबरभाऊंनी ऐकलेला माझा आवाज

त्या दिवशी कंपनीची बस मोशीला थांबली नाही. मी खिडकीतून थांबा मागं जाताना पाहिला आणि ड्रायव्हरला हाक मारली, अहो, दिगंबरभाऊ राहिले. त्यानं गाडी न थांबवताच सांगितलं की मॅडम, ते आता यायचे नाहीत, पहाटे अ‍ॅटॅक आला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. बसमधली माणसं माझ्याकडं बघायला लागली. आमचं बोलणं कित्येक महिने बंद आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आता तरी ही बाई रडेल असं त्यांना वाटत असावं. मला रडू आलं नाही. मला राग आला. खोटं कशाला बोलू, मनात पहिला विचार आला तो हाच, की आता माझी माफी कोण मागणार? गेलेल्या माणसाबद्दल चांगलं तेवढंच लिहायचं असतं हे मला कळतं. काही आठवडे तसं लिहून पाहिलं... नाही जमलं.

दिगंबरभाऊ चाकणच्या आमच्या कंपनीत प्रेस शॉपला होते. प्रेस शॉप म्हणजे जिथं पत्र्यावर मोठाले प्रेस आदळून गाड्यांचे दरवाजे आणि बॉनेट तयार होतात तो विभाग. मी स्टोअरला. त्यांच्या विभागात काही कामानं जावं लागलं, तर बाहेर आल्यावर तासभर माझं डोकं भणभणायचं. हा माणूस तिथं उभं आयुष्य काढत होता आणि फावल्या वेळात कादंबरी लिहीत होता. तीही कसली, तर जादूची! जमिनीखाली सात भट्ट्यांचं एक राज्य आहे, तिथं लोखंड पेरतात आणि ते उगवतं, आणि सातव्या भट्टीची राणी म्हणजे एका लोहाराची मुलगी. त्या राज्यात कुणी तोंडानं बोलत नाही, सगळे हातांच्या खुणांनी बोलतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा म्हटलं, भाऊ, हे सुचतं कुठून तुम्हाला? ते नुसते हसले. मूळचे लातूरकडचे. हसताना मान खाली घालायची त्यांची रीत होती.

मी कासारवाडीला बसमध्ये बसायची. ते चऱ्होलीहून मोटारसायकलनं मोशीला येऊन चढायचे. पुढं चाकणपर्यंत ट्रॅफिक असं, की माणसानं एखादं प्रकरण आरामात वाचून काढावं. एके सकाळी त्यांनी हातात कागद ठेवले आणि म्हणाले, ताई, तुमी मोठ्यानं वाचा. मी वाचलं. शाळेत असल्यापासून मला वाचायला सांगतात. आमच्या गल्लीत श्रावणात पोथी लागते तीही मीच वाचते. दुसरं काही असो नसो, देवानं आवाज दिलाय एवढा माझा एक ताठा होता. दोन-चार दिवसांत मागच्या सीटवरची माणसं पुढं सरकली. एकदा मी रजेवर होते, तर बसमधल्यांनी फोन करून गळ घातली की राणीचं काय झालं तेवढं सांगून टाका. दिगंबरभाऊ ड्रायव्हरच्या पाठीमागच्या उलट्या सीटवर, बरोबर माझ्यासमोर बसायचे आणि माझ्या तोंडाकडं टक लावून बघायचे. इतकं मन लावून मला आजवर कुणी ऐकलं नव्हतं. आमच्या घरच्यांनी तर नाहीच नाही.

प्रकाशकांनी कादंबरी परत पाठवली. राक्षस-जादू हे लहान मुलांचं, मोठी माणसं असलं वाचत नाहीत, असं कळवलं. मग भाऊंनी ती स्वतःच छापली. मुखपृष्ठ स्वतः काढलं, मुद्रितं स्वतः तपासली, पार्सलं स्वतः बांधली. कुणी मदत करतो म्हटलं की चेहरा असा व्हायचा जणू आपण त्यांचं पाकीटच मागतोय. एका रविवारी आळंदीच्या एस.टी. स्टँडजवळ टेबल मांडून बसले होते. एका बाजूला तुळशीच्या माळा, दुसऱ्या बाजूला हरिपाठाच्या पुस्तिका, आणि मधे आपली सातव्या भट्टीची राणी. एका आजींनी पुस्तक कपाळाला लावलं आणि विचारलं, ही कंच्या देवीची पोथी हाय? भाऊंनी ते त्यांना तसंच देऊन टाकलं. हा किस्सा त्यांनी बसमध्ये सांगितला तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. माझा राग बाजूला ठेवून सांगते, ती फार चांगली सकाळ होती.

ऑडिओबुकची कल्पना बसमध्येच निघाली. स्टुडिओचा खर्च एकट्याला झेपणारा नव्हता, म्हणून गणपतीची वर्गणी मागतात तशी इंटरनेटवर वर्गणी मागायची ठरली. तिथं अशा कामासाठी पानं असतात. आपण काय करणार ते सांगायचं, पटलं तर अनोळखी माणसंही पैसे देतात. त्यासाठी व्हिडिओ लागतो. आमच्यातल्याच एकानं तो बसमध्ये काढला, बाहेर कंटेनरची रांग आणि आत मी वाचतेय. लोकांनी भरभरून दिलं. नागपूर, बेळगाव, कुणी परदेशातून. बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की या बाईंच्या आवाजासाठी देतोय. मी ते घरी दहा वेळा वाचून दाखवलं. भाऊंनी त्या पानावर शब्द दिला होता, आवाज आमच्या ताईंचाच असेल आणि प्रत्येक वाक्य मी स्वतः ऐकून मगच तुमच्याकडं पाठवीन.

चिंचवडला लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाच्या दुकानामागं छोटी खोली होती. भिंतींना गाद्या लावलेल्या, पंखा बंद. रविवारी तिथं मी घामाघूम होऊन वाचायची. भाऊ काचेपलीकडं बसायचे, पुन्हा माझ्यासमोर. प्रकरण संपलं की अंगठा वर. राणी बापाचा निरोप घेते तिथं त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. शूटिंगवाला म्हणाला, पुढची साफसफाई मी करतो. भाऊंनी ऐकलं नाही. ते सगळं लॅपटॉपवर घरी घेऊन गेले. स्वतःचं पुस्तक, स्वतःच करणार. प्रसिद्ध होण्याआधी एकदा मला ऐकवा म्हटलं, तर म्हणाले, ताई, तुमी सगळ्यांसोबतच ऐका, मजा येईल.

सगळ्यांसोबतच ऐकलं. बसमध्ये, कानात इयरफोन घालून. पहिलं वाक्य आलं आणि मला वाटलं माझा फोन बिघडलाय. आवाज माझाच होता, पण प्रत्येक 'स' शिट्टीसारखा वाजत होता, 'श' आणि 'च' कानात सुईसारखे टोचत होते. शेजारच्या बाईनं इयरफोन काढून ठेवला. संध्याकाळपर्यंत त्या पानावर लोकांनी लिहायला सुरुवात केली. ऐकवत नाही. डोकं दुखतं. बाईंच्या दातांत फट आहे का? एकानं तर विचारलं की व्हिडिओतली बाई दाखवायला वेगळी होती का. मी भाऊंना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. 'बघतो' एवढाच मेसेज आला. आणि काही दिवसांनी त्यांनी पानावर जे लिहिलं ते मला अजून पाठ आहे. निवेदिका नवख्या असल्यामुळं आवाजात त्रुटी राहिल्या, लेखक दिलगीर आहे, पुढच्या भागासाठी अनुभवी आवाज घेण्याचा विचार आहे.

नवख्या... ज्या बाईनं याची राणी बसभर जिवंत केली, ती नवखी! दुसऱ्या दिवशी ते मोशीला चढले तेव्हा मी सगळ्यांसमोर उभी राहिले.

"भाऊ, वाचलं मीच. पण माझा आवाज असा नाही. काय केलंत तुम्ही त्याला?"

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ताई, लोक म्हणतात ते मान्य करावं लागतं." आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. तेच आमचं शेवटचं बोलणं. त्या श्रावणात गल्लीतल्या बायका पोथीसाठी बोलवायला आल्या, मी घसा बसलाय म्हणून सांगितलं. घरात कुणाशी बोलतानाही स्वतःचा 'स' ऐकू यायला लागला होता. माणसानं पाठीत खुपसावं तरी किती, ज्या गोष्टीवर आपला जीव आहे नेमकी तिथंच?

ते गेल्यावर काही दिवसांनी त्यांच्या पत्नीचा, मंगलवहिनींचा फोन आला. एकदा घरी या, एवढंच म्हणाल्या. मी जाणार नव्हते, पण गेले. चऱ्होलीच्या सोसायटीत त्यांनी मला भाऊंच्या लिहायच्या खोलीत बसवलं आणि लॅपटॉप पुढ्यात ठेवला. आधी मूळ रेकॉर्डिंग लावलं. चिंचवडच्या खोलीतला माझा आवाज, स्वच्छ, मोकळा, जसा आहे तसा. मग प्रसिद्ध झालेलं लावलं. मी कान झाकून घेतले. वहिनी म्हणाल्या, ताई, ह्यांना ऐकू येत नव्हतं. फार वर्षं झाली. प्रेसच्या आवाजानं आधी बारीक, वरचे आवाज जातात, 'स' जातो, 'श' जातो, पाखरांचा आवाज जातो. उरलेलं ते समोरच्याच्या ओठांवरनं ओळखायचे. कंपनीत दर वर्षी कानांची तपासणी असते, आवाज आला की बटण दाबायचं. आवाज सोडताना तपासणाऱ्याचा खांदा हलायचा, तो बघून हे दाबायचे. नापास झालं की प्रेसवरनं काढतात, कुठंतरी कोपऱ्यात टाकतात, ही सगळ्या प्रेस शॉपला धास्ती. ऐकताना मला त्यांचं ते खुणांनी बोलणारं राज्य आठवलं. प्रेसच्या दणदणाटात तिथलीही माणसं हातांनीच बोलतात. मी ज्याला कल्पनाशक्ती म्हणत होते ते चाकणचं प्रेस शॉप होतं.

मग वहिनींनी सांगितलं की ते इथंच बसून तुमच्या आवाजातले हेच 'स', 'श' एकेक पायरी वर चढवत होते. वर, अजून वर. आणि एका संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "मंगल, आज पहिल्यांदा ताईंचा आवाज पुरता ऐकू आला. काय वाचतात गं त्या." तोच आवाज त्यांनी लोकांना पाठवला.

मी विचारलं, चूक त्यांना कळली होती का? वहिनींनी लपवलं नाही. कळली होती, म्हणाल्या. लोकांचं वाचल्यावर मीच सांगितलं त्यांना. पण ते पान अख्खी कंपनी वाचत होती. आवाज मी बिघडवला म्हणावं, तर का बिघडवला हे सांगावं लागणार. म्हणाले, रिटायर झालो की पहिला ताईंकडं जातो. म्हणजे स्वतःचे कान झाकायला माझा आवाज पुढं केला, तोही समजून उमजून. वहिनींसमोर मी एवढंच म्हणाले की भाऊंनी फार वाईट केलं. त्यांनी मान डोलावली.

आम्ही दोघींनी ते मूळ रेकॉर्डिंग सगळ्यांना पाठवून दिलं, लेखकाच्या इच्छेनुसार दुरुस्त आवृत्ती, असं लिहून. लोक खूश झाले. कौतुकाचा पाऊस पडला. आणि एकजात सगळ्यांनी लिहिलं की नवीन बाई काय सुंदर वाचतात, जुन्या बाईंना काढलंत ते बरं केलंत! मी ते वाचून हसले आणि मग बराच वेळ मला हुंदका आवरेना. म्हणून हा लेख. नवीन बाई कुणी नाही. ती मीच आहे, तोच रविवार, तोच घाम, तोच आवाज.

पण हे लिहायचं तर भाऊंच्या कानांचं लिहावं लागणार होतं, आणि तेवढीच एक गोष्ट त्यांनी जन्मभर जपली होती. न विचारता लिहिणं मला बरं वाटेना, म्हणून परवा पुन्हा चऱ्होलीला गेले. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. मी भाऊंच्या खोलीत, दाराकडं पाठ करून बसले होते. एकाएकी ट्यूबलाइट विझली आणि पुन्हा लागली. मी दचकून मागं बघितलं. वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या, कोपर अजून बटणावर.

"हाक मारून उपयोग नसायचा," त्या ओशाळून म्हणाल्या. "मग असं करायचं. आमच्या घरी सगळेच करतात, सून पण. अजून हात जातोच." चहा ठेवला आणि म्हणाल्या, "लिहा, ताई. तुमचा आवाज घालवला त्यांनी. आता त्यांचे कान झाकून मी काय करू?"

चहा तसाच राहिला. मी त्या बटणाकडं बघत होते. त्याच्याभोवतीचा रंग बोटांनी काळा पडलेला. या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, परक्या घरातून आलेल्या सुनेलाही. इतकी वर्षं रोज समोर बसून ज्या माणसानं माझ्या तोंडावरचा शब्द न् शब्द वाचला, त्याला एवढं एक मला सांगता आलं नाही. सांगितलं असतंत, भाऊ, तर कंपनीत कुणाला कळू दिलं नसतं मी. आणि तुमच्या घरी आले असते तेव्हा मीही दारात थांबून आधी ते बटण दाबलं असतं.