जित्या माणसाची डोली

अन्याय झाला तो जयवंतीवर. मोखाड्याच्या बाजूच्या एका पाड्यावरून वर येणाऱ्या पायवाटेवर, गेल्या वर्षी ऑगस्टमधल्या एका गुरुवारी, सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगू शकतो, कारण ती फोटोच्या कोपऱ्यात छापलेली आहे. अन्याय करणारा कुणी अधिकारी नव्हता, ठेकेदार नव्हता, पुढारीही नव्हता. तो मी होतो. देवाच्या वचनाचा सेवक, चार पाड्यांचा पास्टर, आणि दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या विरोधात पत्रक काढणारा माणूस. जयवंती हे तिचं खरं नाव नाही. कुठलं नाव लिहायचं ते तिनंच सांगितलं. तिच्या आत्याचं होतं म्हणे.

पाडा खाली घळीत आहे. गाडीरस्त्यापर्यंत दीड तासाची चढण. जयवंतीच्या पोटात आदल्या संध्याकाळपासून बाळंतपणाच्या कळा येत होत्या आणि उजाडल्यावर तिला डोलीतून वर नेत होते. डोली म्हणजे काय, तर एक मजबूत चादर, तिची दोन टोकं बांबूला बांधलेली, आत माणूस. बांबूला पुढे एक खांदा, मागे एक खांदा, आणि बदलीला दोघे. मी सोबत चालत होतो. रस्त्याच्या मागणीचं पत्रक तयार होतं, फक्त फोटो नव्हता. अर्ध्या चढणीवर एक सपाट खडक आहे, तिथे ढग जरा फाकले, उजेड चांगला आला, आणि मी म्हणालो, "डोली जरा खाली ठेवा." चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी पास्टर, म्हणून ठेवली. पहिले तीन फोटो हलले. चौथ्याच्या वेळी मी खाली वाकून म्हणालो, "ताई, जरा हलू नका."

बाळ मेलेलं जन्मलं. डॉक्टर म्हणाले, ते पोटात पहाटेच गेलं असावं. हे वाक्य मी वर्षभर दाखल्यासारखं खिशात घेऊन फिरलो. पत्रक मात्र गाजलं. मथळा माझा होता, 'ही डोली कुणाची लाज?' लोकांनी तो फोटो इतका पुढे पाठवला की साहेबांची जीप आली, टेप लावून वाट मोजली गेली, खडकांवर चुन्याच्या खुणा पडल्या. पुढच्या पावसात त्या धुऊन गेल्या. रस्ता अजून नाही. याबद्दल मला आजही संताप आहे आणि तो मी सोडणार नाही. पण तो संताप वेगळा आणि हे वेगळं. एकाच्या आड दुसरं लपवायची सवय मला होती.

त्यानंतर पाड्यावर मला कुणी "येऊ नको" म्हणालं नाही. प्रार्थना जयवंतीच्या घरच्या पडवीतच व्हायची, तशीच होत राहिली. तिचा नवरा लहानू मला पाणी द्यायचा, कोरा चहा द्यायचा. शेजारचा सोनू आजा आमच्यातला नाही, त्याचे देव डोंगरावर, पण गाणी ऐकायला तोही येऊन बसायचा. गाणी झाली की मी उठायचो आणि बोलायला लागायचो, आणि सगळे आपापल्या हातांकडे बघायला लागायचे. मग मी आवाज आणखी चढवायचो. माझ्या प्रवचनातला देव नेहमी मोर्च्याच्या पुढे असायचा, हातात झेंडा घेऊन. परतीच्या चढणीवर मात्र मनात एकच प्रश्न यायचा, की माझा विश्वास देवावर आहे की माझ्या घशावर? प्रार्थनेला गुडघे टेकले की शब्द सुचत नव्हते. मथळे सुचत होते.

यंदा भाद्रपदात, भात पोटरीवर आलेलं असताना, मी शनिवारी खाली उतरलो तो अंगात कणकण घेऊनच. रविवारी सकाळी पडवीत उभा राहिलो, तोंड उघडलं आणि खांब धरून खाली बसलो. पुढचं नीट आठवत नाही. दात वाजत होते. घोंगडीवर घोंगडी पडत होती. कुणीतरी फोनला रेंज मिळावी म्हणून टेकाडाकडे पळालं. आणि मग वर्षभरात माझ्याशी एक शब्द न बोललेली जयवंती दारातून म्हणाली, "बघता काय? उचला त्याला."

मला डोलीत घातलं. पुढे लहानू, मागे त्याचा भाऊ, बदलीला एक चुलतभाऊ आणि या वयात हट्टानं आलेला सोनू आजा.

आता जे सांगतो ते तापातलं आहे. ज्याला जसं घ्यायचं तसं त्यानं घ्यावं.

डोलीत पडलेल्या माणसाला वाट दिसत नाही, फक्त आभाळ दिसतं. दोन्ही कडांना चादर वर आलेली, मधून आभाळाची एक लांबट फट, आणि त्या फटीतून सागाची मोठमोठी पानं हळूहळू मागे सरकत होती, जणू मी जागेवरच आहे आणि डोंगरच कुणीतरी माझ्यावरून ओढून नेतो आहे. पानांवरचं पाणी कपाळावर पडायचं आणि मला वाटायचं की आपल्याला कुणीतरी नावानं हाक मारतंय. बांबू लयीत कुरकुरत होता. डावीकडे झोका, उजवीकडे झोका. खाली कुठेतरी ओढ्याचा आवाज, तो कधी जवळ यायचा, कधी अगदी स्वप्नातल्यासारखा दूर जायचा. तेरड्याची गुलाबी फुलं चादरीच्या काठावरून डोकावून जात होती. मला वाटलं, मी लहान आहे, माझं अजून बारसंही झालेलं नाही, आणि मला अजून एकही शब्द बोलता येत नाही. आणि त्याचं फार बरं वाटलं.

मधेच खांदेकऱ्यांचं बोलणं ऐकू यायचं.

"पास्टर जड हाय रं."

"बायकू नाय, पोर नाय, मंग जड कशानं?"

"बोलणं साठलंय आत. आज बाहेर नाय ना पडलं."

हसले. मीही हसलो असेन. मग माझ्यातला जुना माणूस जागा झाला आणि म्हणाला, "मला उतरवा. मी चालतो."

"आधी बसून दाखव," लहानूचा भाऊ म्हणाला.

थोड्या वेळानं झोका मंदावला, पावलं सपाटीवर आल्यासारखी वाजली, आणि फटीत सागाऐवजी मोकळं आभाळ आलं. मी ओळखलं. तो खडक होता. त्यांचे श्वास मला ऐकू येत होते, भात्यासारखे. मी म्हणालो, "इथे टेकवा थोडं. तुमचे खांदे सोलले असतील."

कुणी थांबलं नाही. चालता चालताच बांबू एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेला आणि सोनू आजाचा आवाज आला, शांत, माहिती सांगावी तसा. "जित्या माणसाची डोली भुईला टेकवत नाय, पास्टर. मेल्याची टेकवतात."

लहानू आता बदलीत होता, माझ्या पायांच्या बाजूला चालत होता. माझ्याकडे न बघता त्यानं फक्त माझ्या पायावरून सरकलेली घोंगडी नीट केली.

मला इथलं काही माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. चार वर्षं या पाड्याला मी देव सांगत होतो आणि त्यांची डोली कधी खाली ठेवतात एवढं मला ठाऊक नव्हतं. जिवंत बाईला तिच्या माणसांनी माझ्या सांगण्यावरून मेलेल्यासारखं जमिनीवर ठेवलं होतं, आणि मी उजेड बघत होतो. मी रडलो. पाणी कानात गेलं, कारण हात वर न्यायची ताकद नव्हती.

बायबलातल्या, चौघांनी बाजेवर घालून आणलेल्या, दारात गर्दी म्हणून छप्पर उकलून खाली सोडलेल्या त्या पक्षाघाती माणसावर मी कितीदा तरी बोललो आहे. दर वेळी छपरावरच बोललो. छप्पर फोडा, दार बंद असेल तर वरून शिरा, असं गरजलो. तो बाजेवरचा माणूस सगळ्या गोष्टीत एक अक्षर बोलत नाही, हे कधी माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तो फक्त वाहून नेला जातो. डोलीत मला प्रार्थना सुचली नाही, वचन आठवलं नाही, बरं करशील तर अमुक करीन असा सौदाही करता आला नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प होतो, आणि तरीही वर जात होतो.

आणखी एक गोष्ट. खडकाच्या पुढे वाट अरुंद होते आणि डोली हेलकावे खात कातळाकडे जाते. तिथून वर रस्त्यापर्यंत माझ्या डाव्या बाजूला कुणीतरी चालत होतं. चादरीची ती कड त्यानं घट्ट धरून ठेवली होती, म्हणून मी कातळावर आपटलो नाही. मधेमधे एक ओला, गार हात माझ्या कपाळावर यायचा. चेहरा दिसला नाही. मी बघण्याचा प्रयत्नही केला नाही. तो हात आला की मला झोप लागायची आणि झोपेत पाणी वाहत असायचं.

वर गाडी आली, मला जव्हारला नेलं, हिवताप निघाला, बाटल्या लागल्या, सहाव्या दिवशी मी उठून बसलो. लहानू भेटायला आला तेव्हा मी विचारलं, डाव्या बाजूला कोण होतं, मला त्याचे आभार मानायचे आहेत. तो गोंधळला. "डाव्या अंगाला दरी हाय, पास्टर. तिथं पाय ठेवाया जागा नाय. आमी चौघंच व्हतो, अन् जयवंती पुढं चालत व्हती."

नंतर सोनू आजाला विचारलं. तो तंबाखू मळत म्हणाला, "मंग तुझाच कोन असंल. इतक्या हाका मारतोस त्याला दर आयतवारी. एखादी आयकली असंल."

याच्यावर मी प्रवचन केलेलं नाही. करणारही नाही.

बरा झाल्यावर पाड्यावर गेलो तेव्हा जयवंती नागलीची कणसं खुडत होती. मी बांधावर उभा राहिलो आणि म्हणालो, "मला माफ कर." तिनं विळा थांबवला नाही. "कशाचं?" मी म्हणालो, तुझा वेळ खाल्ला, डोली टेकवली. आणि जीभच ती, पुढे लगेच डॉक्टरांचं ते वाक्य बोलून गेलो.

तेव्हा ती थांबली. "येलंचं काय माला ठाव नाय. गेली असंल, नसंल. पन माझं पोट फाटत व्हतं, अन् तू बोलला, हलू नको." मग म्हणाली, "अन् मी नाय हलले. तुझं आयकलं."

मी खाली बसलो, चिखलातच.

"तो फोटू अजून हाय ना?" तिनं विचारलं. गेल्या दिवाळीनंतर ती आणि लहानू भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली होती. तिथे एका माणसानं फोन समोर धरून विचारलं होतं, ही तूच ना गं? बाकीचे गोळा होऊन बघत होते. कधी फोनकडे, कधी तिच्याकडे. "तो काढ," ती म्हणाली.

मी सांगितलं की माझ्या फोनमधून केव्हाच काढला, पण तो आता हजारो फोनांत आहे, अनोळखी लोकांकडे, माझ्या हातात नाही.

ती कणसं टोपलीत टाकत म्हणाली, "डोंगर सरकव म्हणून देवाला वरडतोस दर आयतवारी. एक फोटू नाय सरकत?"

मी विचारलं, हे सगळं लिहू का? "लिव. फोटू नको लावू." आणि प्रार्थनेला येऊ का? "ये. पन बस. बोलायचं मी सांगंल तवा."

तेव्हापासून रविवारी मी पडवीत इतरांसोबत बसतो. लहानू मोडकंतोडकं वाचतो, बाया गातात, कुणीतरी दोन शब्द बोलतं. मी माझ्या हातांकडे बघतो. बोलायला मिळेल की नाही, ते तिच्या हातात आहे, आणि तिच्या हातात आहे म्हणजे चांगल्या हातात आहे. विश्वास म्हणजे देवाच्या वतीनं ओरडणं असं मला वाटायचं. आता वाटतं, आपला भार ज्यांच्यावर टाकायची आपल्याला लाज वाटते, त्यांच्या खांद्यावर निमूट पडून राहणं हाही विश्वासच आहे. ज्यांचा मी अपराधी होतो त्यांनीच मला वर आणलं, न टेकवता. त्या कृपेची परतफेड होत नाही, आणि ती करू नये असंही मला हळूहळू कळतंय.

पण एक काम उरलं आहे आणि ते मला एकट्याला होणारं नाही. ते वाचणाऱ्यानं करायचं आहे. फोन उघडा. खडकावर टेकवलेली डोली, वर माझा तो मथळा, असा फोटो तुमच्याकडे असेल, तुमच्या मंडळीच्या गटात असेल, कुणी कळवळ्यानं पाठवलेला असेल, तर तो पुसा. प्रार्थनेसाठी म्हणूनसुद्धा ठेवू नका. ज्यानं तुम्हाला पाठवला त्याला फोन करा आणि त्यालाही पुसायला लावा. मला कळवायची गरज नाही. नंतर नको, आत्ता पुसा.