बंगला दुरून दाखवणाऱ्या काकू

"आमच्याकडे असं नव्हतं हो," असं म्हणत काकू कपाची कड पदराच्या टोकानं पुसायच्या आणि मगच चहाला ओठ लावायच्या. कप कुणाच्याही घरचा असो, नुकताच घासलेला का असेना. त्यांच्यासमोर चहा ठेवला की पुढचं वाक्य आम्हाला पाठ असायचं. मनातल्या मनात ते त्यांच्याबरोबर म्हणताना आम्ही हसू दाबत असू.

तुमच्याही इमारतीत अशी एखादी बाई असेल. सासरी आयुष्य काढलेलं, पण बोलण्यात सगळं माहेर. काकू माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. त्यांचे यजमान इथे नाशिकमध्येच, अंबडच्या एका कारखान्यात होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा बंगळुरात. काकू एकट्या, टापटीप, कायम स्टार्च केलेल्या साडीत.

त्यांचं माहेर नागपूरकडचं, रामटेकच्या बाजूला, मँगनीजच्या एका जुन्या खाणीच्या गावातलं. वडील तिथे मोठे साहेब. इंग्रजांच्या वेळचा बंगला, त्याला चारी बाजूंनी व्हरांडा, दारात माळी. "आमच्याकडे तलाव, डोंगर आणि खाण, तिन्ही एका खिडकीतून दिसायचं," काकू सांगायच्या. आम्ही त्यांना गंगापूर धरणावर नेलं, तेव्हा पाण्याकडे बघून म्हणाल्या, "पाणी बरंय. पण आमची होडी होती ना, त्यामुळे काठावरून बघायची सवय नाही." वणीला देवीच्या दर्शनाला गेलो, तर हात जोडून झाल्यावर डोंगराकडे बघून म्हणाल्या, "हाही चांगलाय." जणू डोंगराला पास केलं.

आम्हाला राग यायचा नाही. खरं सांगायचं तर गंमत वाटायची आणि थोडा हेवाही. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी त्यांची हुबेहूब नक्कल करायच्या. पण रोज संध्याकाळी बाकावर त्यांच्याच शेजारी जागा धरून, "काकू, ते माळ्याचं सांगा ना," असं म्हणायच्याही वहिनीच.

आमची सहाजणींची दरवर्षी एक सहल असायची. त्या वर्षी काकूंना पासष्ट वर्षं पूर्ण होणार होती. वहिनींनी परस्पर सगळं ठरवलं आणि वाढदिवसाच्या केकबरोबर नागपूरची तिकिटं त्यांच्यापुढे ठेवली. "काकू, या वेळी तुमच्याकडे!"

काकूंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आम्हाला वाटलं, आनंदानं.

मग त्यांची कारणं सुरू झाली. तिकडे थंडी फार असते. तिथे आता आमचं कुणीच नाही. बंगला कंपनीनं बंद केलाय, आत सोडत नाहीत. वहिनी म्हणाल्या, "आत नको जायला. दुरून दाखवा."

डिसेंबरात गेलो. नागपूरहून एक छोटी बस केली. पहिल्या दिवशी खिंडसीचा तलाव पाहिला. काय पाणी ते! चहूबाजूंनी हिरव्या टेकड्या आणि मध्ये निळंशार, शांत. आम्ही होडीत बसलो. काकू मात्र काठावरच थांबल्या. होडीची सवय असलेली बाई काठावर का थांबली, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही.

दुसऱ्या दिवशी खाणीचं गाव. मी मनात काहीतरी भव्य रंगवलं होतं. प्रत्यक्षात एक काळपट रस्ता, बंद पडलेल्या ट्रॉलीचे गंजके रूळ, बैठ्या खोल्यांच्या रांगा आणि एक खोल खड्डा, त्यात हिरवं पाणी साचलेलं. गावकरी त्यालाही तलावच म्हणतात. पण ते सगळं सुंदरही होतं, काळ्या दगडांवर पडलेलं ते कोवळं ऊन. टेकडीवर कुंपणाच्या आत एक पडका बंगला दिसत होता. काकूंनी बोट केलं. "तो." एवढंच. आम्ही फोटो काढले. काकूंना मध्ये उभं केलं, मागे बंगला.

मग टपरीवर चहा सांगितला. काकू कपाची कड पुसायला विसरल्या, हे मला अजून आठवतं.

तेवढ्यात खोल्यांच्या रांगेतून एक म्हातारी दूध घ्यायला रिकामं भांडं घेऊन टपरीकडे आली. वाकलेली, काळी, नऊवारी लुगडं. आमच्याकडे सहज बघितलं आणि थबकली. भांडं तिनं बाकावर ठेवलं. जवळ येऊन काकूंच्या गालाला हात लावला.

"बाई? तू होय का वं? कवा आली?"

काकू एक पाऊल मागे सरकल्या.

वहिनींनी विचारलं, "कोण हो काकू ह्या?"

काकूंनी क्षणभर त्या म्हातारीकडे पाहिलं आणि अगदी स्वच्छ, शाळेत शिकवतात तशा मराठीत म्हणाल्या, "आमच्याकडे कामाला होत्या. बंगल्यावर. फार जुन्या आहेत."

म्हातारीचा हात हवेतच राहिला. मग तिनं तो हळूच खाली घेतला, लुगड्याला पुसला. "हो जी," ती म्हणाली. आता ती एकदम अहो-जाहोवर आली होती. "बंगल्यावर होती मी. भांडे कराची. यायले लहानपणी खेळवलं म्या. मोठे झाले आता, वळखू नाही येत."

मी दोघींच्या मध्ये उभी होते. दोघींच्या हनुवटीवर एकाच जागी एकसारखी खळी होती. एकीची गोरी त्वचा, दुसरीची उन्हानं रापलेली, पण नाक, कपाळ, भुवईची ठेवण, सगळं एकच. माझ्या शेजारच्या दोघींनीही ते पाहिलं. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

वहिनींनी मात्र पाहिलं नव्हतं. त्यांनी मोठ्या मनानं पिशवीतून चिवड्याचं पाकीट काढलं, आपली जुनी शाल काढली आणि म्हाताऱ्या बाईच्या हातात दिली. "घ्या मावशी. आमच्या काकूंना सांभाळलंत तुम्ही."

म्हातारीनं दोन्ही हातांनी ते घेतलं. कपाळाला लावलं. दुधाचं भांडं उचललं आणि दूध न घेताच परत गेली.

त्या दिवशी दुपारी आम्ही रामटेकचा गड चढलो. काकू पायथ्याशी पायरीवर बसून राहिल्या. उतरून आलो तेव्हा माकडं त्यांच्या पिशवीतली संत्री पळवत होती आणि काकू त्यांना हाकलतही नव्हत्या.

परतीच्या गाडीत कुणीतरी वहिनींच्या कानात सांगितलं. वहिनींनी तोंडावर हात ठेवला. आधी त्या हसल्या, अशा वेळी माणूस हसतो तसं. मग लगेच रडू लागल्या. समोरच्या बर्थवर काकू भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. झोपल्या होत्या का, कोण जाणे.

नाशिकला आल्यावर काकू खाली बाकावर येईनाशा झाल्या. मी दार उघडलं की त्यांचं दार बंद व्हायचं. जिन्यात गाठ पडली तर "बरी आहे" एवढंच. आम्ही त्यांना काही विचारलं नाही. त्यांची लाज जपतोय असं आम्हाला वाटत होतं. खरं तर आम्ही आमचीच अडचण टाळत होतो.

मार्चमध्ये आमच्या भिशीची पाळी काकूंची होती. त्या नाही म्हणतील अशी आमची खात्री, पण निरोप आला, सगळ्यांनी या. गेलो. हॉलमध्ये खुर्चीवर ती म्हातारी बसली होती. धुतलेलं पातळ, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. काकू तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जाऊन घेऊन आल्या होत्या.

आम्ही बसलो. काकू बसल्या नाहीत. दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"ही माझी मोठी बहीण," त्या म्हणाल्या. "बंगल्यावर नव्हती. खाणीवर होती. वडीलही साहेब नव्हते, सुरुंगासाठी दगडात भोकं पाडायचे. ते गेल्यावर ताई हातोडा घेऊन दगड फोडायला बसली. मी शाळेत जायची. बंगला आम्ही दोघींनी कुंपणाबाहेरूनच पाहिलाय."

वहिनी साडीचा काठ चाचपत होत्या.

"मला वाटलं होतं, ताई तिच्या मुलाकडे राहायला गेली. ती तिथे भेटेल असं वाटलंच नाही. नाहीतर मी आलेच नसते." काकू बहिणीकडे वळल्या. "त्या दिवशी तुमच्यासमोर मी नाही म्हटलं. आणि हिनं, बघा, हिनं माझी लाज राखली. हो म्हणाली. एवढं मोठं मन..."

"तुही नाही," म्हातारी म्हणाली.

काकू थांबल्या.

"तुही लाज नाही राखली म्या. माही राखली." ती आमच्याकडे बघत होती, एका डोळ्यानं. आवाजात राग नव्हता. "सख्ख्या बहिणीनं वळखलं नाही, हे या बायायले समजलं असतं, तं म्या तोंड कुठं लपवलं असतं? त्याच्यापेक्षा कामवाली बरी. कामवालीले कोणी नाही म्हणत नाही."

काकूंनी चौकट सोडली आणि तिथेच खाली जमिनीवर बसल्या. त्यांना हे माहीत नव्हतं. तीन महिने त्या एका समजुतीवर जगल्या होत्या, की बहिणीनं आपला अपराध पोटात घातला. आता तीही समजूत राहिली नाही. मी एवढं उघडं पडलेलं माणूस आयुष्यात पाहिलं नाही.

"चहा थंडा होऊन राह्यला," म्हातारी म्हणाली. मग आम्ही चहा प्यालो. निघताना वहिनी तिच्या पाया पडायला वाकल्या. तिनं पाय मागे घेतले.

डोळा बरा झाल्यावर म्हातारी परत जायला निघाली. काकू म्हणाल्या, मी सोडायला येते. ती म्हणाली, कायले. काकूंनी तरी बॅग भरली. "आठ-दहा दिवसांत येते," मला म्हणाल्या आणि किल्ली दिली. त्याला आता दुसरं वर्ष लागलंय. मुलगा म्हणतो, आई तिकडेच राहते म्हणते. फ्लॅट भाड्यानं द्यायचं चाललंय. त्यांना तिकडे कसं वाटतं, दोघी एकमेकींशी बोलतात का, मला माहीत नाही. फोनवर काकू फक्त आमची विचारपूस करतात.

नाशिकरोडला त्यांना पोचवायला मी गेले होते. दिवसाची गाडी होती. म्हातारी खिडकीशी बसली आणि शेजारच्या सीटवर तिनं आपली पिशवी ठेवली. ती सीट काकूंचीच होती, तिकिटावर तसा आकडा होता. पण काकू उभ्याच राहिल्या.

"ताई, बसू का?" त्यांनी विचारलं.

म्हातारी बराच वेळ बाहेर फलाटाकडे बघत राहिली. मग तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली. वळून पाहिलं नाही. गाडी हलली तेव्हा काकू सीटच्या अगदी कडेला टेकल्या होत्या, ती जागा अजून आपली नसल्यासारख्या.