गडी पाहिजे

मी वेल्ह्याला गेलो तो केवळ माझ्या तोंडामुळे. कचेरीत डबा खाताना कधीतरी मी बोलून गेलो होतो, की तोरण्याच्या पायथ्याचा मुलूख मला घरच्या अंगणासारखा माहीत आहे. खरं तर माझी माहिती मराठी शाळेतल्या इतिहासाच्या धड्यापुरती. पण ते वाक्य टेबलावरून टेबलावर सरकत मोठ्या साहेबांपर्यंत गेलं आणि फाल्गुनातल्या एका सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. त्या बाजूच्या वाडीत खंडू नावाचा एक जवान आहे, तो आपल्याला हवा, असं त्यांनी सांगितलं. घरी येऊन ही गोष्ट सांगितली तेव्हा आमची मंडळी एवढंच म्हणाली, की जाताना रस्ता विचारत जा.

आमची कंपनी चहाची. चहावाल्यांना जवान कशाला लागतो, हे सांगायला हवं. मुंबईत त्या वर्षांत फुटबॉलचं रंगरूप पालटत होतं. पूर्वी पलटणीचे गोरे शिपाई खेळत आणि आम्ही रस्त्यात उभे राहून फुकट बघत असू. मग मैदानाला तट्टे लागले, तट्ट्यांच्या आत बाकं आली आणि बाकांना तिकिटं आली. गिरणीवाले, साबणवाले, बिस्किटवाले, सगळ्यांनी आपापले संघ बांधले. आमच्या संघाच्या छातीवर चहाचं पान होतं आणि मध्यंतरात लोकांना कपभर चहा फुकट. चेंडू जाळ्यात गेला की दुसऱ्या दिवशी दुकानात डबे हलतात, असा साहेबांचा सिद्धांत होता. खेळाडूला कचेरीत सगळे ‘गडी’च म्हणत. यांचा गडी फुटला, त्यांचा गडी लंगडतोय, असं दिवसभर चालायचं. मागच्या हंगामात आमचा सर्वांत चांगला गडी साबणवाल्यांनी पळवला होता. नावाला तो तिथे कारकून होता, पण त्याला टेबल कुठलं हे त्यालाच माहीत नव्हतं. त्याची जागा खंडूने भरून काढायची होती. खंडू पुण्याच्या लष्करात गोऱ्यांच्या तबेल्यावर काही वर्षं होता, तिथेच अनवाणी खेळायला शिकला. साहेबांनी त्याला एका सामन्यात पाहिलं आणि विचारपूस करेपर्यंत तो शेती बघायला गावी निघून गेला होता.

माझ्या पिशवीत नवे बूट, पानाचं चित्र असलेली लोकरी जर्सी, हवा काढलेला चेंडू, पंप आणि चहाचे दोन पुडे होते. पुण्याहून भोरकडे जाणारी सर्व्हिस मोटार धरली. कात्रजचा घाट चढताना मोटार इतकी कण्हत होती, की तिची सोबत करता करता मलाही झोप लागली. डोळे उघडले ते कापूरहोळला. तिथे एक लोहार गाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवत होता. त्याला मी माहीतगाराच्या थाटात वेल्ह्याची वाट विचारली. त्याने हातोडी खाली ठेवून मला नीट पाहून घेतलं.

“वेल्हं ऱ्हायलं मागं, नसरापुरावरनं,” तो म्हणाला. “गड येवढा मोटा, त्यो बी दिसला न्हाई व्हय?”

उलट दिशेने जाणाऱ्या एका बैलगाडीत बसून नसरापूर गाठलं. भोर संस्थानच्या जकातनाक्यावर शिपायाने पिशवी उघडायला लावली. चेंडूबद्दल तो काही बोलला नाही, पण बुटांचे तळवे उलटे करून त्याने त्यावरचे चामड्याचे ठोकळे बोटाने दाबून पाहिले. हे कशाला, म्हणून विचारलं. चिखलात पाय घसरू नये म्हणून, मी सांगितलं. मग अनवाणी चालावं, असं म्हणून त्याने बूट परत दिले. जकात माफ केली, दया म्हणून असावी.

नसरापूर सुटलं की वाट डोंगरांच्या मधे शिरते. गुंजवणीच्या पात्रात तेव्हा डबकी उरली होती आणि डबक्यांत म्हशी. दोन्ही बाजूंना उतारांवर धूर निघत होता. गाडीवान म्हणाला, राब भाजत्यात (भाताचं रोप टाकायच्या जागेवर पाला-गवत पसरून जाळतात). मार्गासनीच्या पुढे तोरणा दिसायला लागला तो शेवटपर्यंत समोरून हलला नाही. चार तास आम्ही त्याच्याकडे चाललो होतो आणि तो तितकाच लांब. बसून बसून माझ्या पाठीचे सांधे मात्र जवळ येत चालले होते.

खंडूची वाडी वेल्ह्याच्या अलीकडे, ओढ्याच्या वर. त्याचे वडील धोंडिबा उंच, कमी बोलणारे, स्वतःच्या जमिनीत भात पिकवणारे. मी मुंबईहून त्यांच्या लेकासाठी आलो आहे एवढं ऐकून त्यांनी घोंगडं अंथरलं आणि गुळपाणी पुढे केलं. खंडू गुरं घेऊन यायचा होता. तो येईपर्यंत मी चेंडूत हवा भरत बसलो. ते पाहायला सगळी वाडी देवळापुढच्या पारावर जमली.

खंडू आला. बांधा काही पाहण्यासारखा नव्हता. चेंडू पाहिल्यावर मात्र तो एकदम हसला, गुरं तशीच सोडून त्याने चेंडू पायावर घेतला. पायावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून पुन्हा पायावर. मला ऑफसाइड म्हणजे काय ते अजून कळत नाही, पण चेंडूला त्याच्या पायाखेरीज कुठे जायचं नाही, इतकं मलाही दिसत होतं. एवढी माणसं समोर असताना आपण कंपनीच्या वतीने चार शब्द बोलायला हवेत, असं मला उगाच वाटलं. मी पारावर चढलो.

“आमच्या कंपनीला एक चांगला गडी पाहिजे,” मी म्हणालो. “वर्षभरासाठी. म्हणून मी खंडूला न्यायला आलो आहे.” आणि बूट आणि जर्सी सगळ्यांच्या देखत त्याच्या हातात ठेवली.

खंडू चेंडूच्या नादात होता. त्याने बूट चढवले, जर्सी अंगात घातली आणि चेंडूला लाथ मारली. ती जमिनीला बसली आणि तो जमिनीवर. बायकासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. हसणं ओसरल्यावर एका म्हाताऱ्याने मला विचारलं, “दाणं किती ठरलं?”

मला वाटलं, पैलवानाच्या खुराकासारखं हरभऱ्याच्या दाण्यांबद्दल विचारतोय. “पोटभर,” मी उदारपणे म्हणालो.

“म्हंजी खाऊनपिऊन,” म्हातारा बाकीच्यांना म्हणाला आणि मान हलवून उठला. त्याच्यामागे एकेक जण उठला. शेवटी धोंडिबा उठले ते माझ्याकडे न बघता घराकडे गेले. माझं भाषण प्रभावी झालं, असाच माझा समज होता.

रात्री पानात नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ कढी) आलं. धोंडिबा जेवायला बसलेच नाहीत. खंडूची आई पारूबाई वाढता वाढता थांबल्या.

“म्या बोलू ने पाव्हनं,” त्या म्हणाल्या, “पर तुमी लई वंगाळ केलंत.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. पाडवा तोंडावर आला होता. या भागात पाडव्याला सालगडी (वर्षाच्या बोलीने ठेवलेला शेतगडी) धरतात. मालक चार माणसांदेखत त्याला नव्या वहाणा आणि घोंगडं देतो, वर दाणे किती ते ठरतं. गड्याने वहाणा पायात घातल्या की त्याचं वर्ष बांधलं गेलं. स्वतःचं शेत असलेल्या घरातला मुलगा परक्या मालकाच्या वहाणा घालीत नाही. आणि खंडूची सुपारी फुटली होती. मुलगी मार्गासनीच्या राघूअण्णांची. ते सालगड्याला मुलगी देणार नव्हते. मी कचेरीतली ‘गडी’ची भाषा जशीच्या तशी पारावर बोललो होतो, आणि बुटांसोबत लोकरीचं जे काही दिलं ते घोंगडंच ठरलं होतं.

खंडू कोपऱ्यात बसला होता. बूट त्याने उंबऱ्याबाहेर ठेवले होते. तुला काय हवंय, म्हणून मी विचारलं. त्याने बाहेरच्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाला, “च्येंडू पायात आला का मला कुणाची हाक ऐकू येत न्हाई. त्ये बी पायजे. आन ती बी पायजे.”

सकाळी मी दात घासतोय तोवर राघूअण्णा हजर. माझ्या गाडीला मार्गासनीहून इथे यायला चार तास लागले होते, माझी बातमी मात्र रात्रीत तिथे पोचली होती. ठेंगणे, घट्ट, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. ते धोंडिबांशी बोलले नाहीत, माझ्यासमोर बसले. काल पारावर होती ती सगळी माणसं पुन्हा आली.

“तुमच्या मालकाची जिमीन कुठं हाय?” त्यांनी विचारलं.

जमीन नाही, चहाची कंपनी आहे, मी सांगितलं. खंडूने राबायचं नाही, फक्त खेळायचं. लोक तिकीट काढून बघतात आणि बघता बघता चहाचं नाव त्यांच्या ध्यानात राहतं. हे सगळं बोलताना मला मुंबईत कधी वाटलं नव्हतं इतकं विचित्र वाटायला लागलं.

“म्हंजी ह्यो खेळनार आन च्या त्येंचा खपनार.”

“हो.”

“वरीस भरायच्या आत दुसऱ्यानं बोलावलं तर जाता येतंय?”

“नाही.”

“पाय मोडला तर?”

त्याबद्दल मला साहेबांनी काही सांगितलं नव्हतं. मी तसं म्हणालो.

“आमी सालगडी पडला तर त्येला बरा हुस्तवर घालतो खायला,” अण्णा म्हणाले. ते रागावलेले नव्हते, बाजारात बैल बघताना माणूस बोलतो तसं बोलत होते. “धोंडिबा, ह्यो सालगड्याच्या बी खाली गेला. सरकारात व्हता तवा म्या कायबी बोललो न्हाई. सरकार कुनाला वहाना देत न्हाई.”

धोंडिबांनी मान खाली घातली. तेवढ्यात खंडू पुढे आला आणि सासऱ्याकडे न बघता मला म्हणाला, “पैलवान जत्रंला जातो, पैसं घेतो. त्येला कोन गडी म्हनतंय का?”

जमलेल्या माणसांत कुजबुज झाली. अण्णांनी मिशीवर बोट फिरवलं. पैलवानाची गोष्ट वेगळी, ते म्हणाले. त्याला बोलवायचं तर नारळ द्यावा लागतो, फेटा बांधावा लागतो. आणि कुस्ती झाली की तो आपल्या घरी, त्याला वर्षभर कुणी बांधत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बांधताय का फेटा? न्हाई तर सांगा, म्या जातो.”

साहेबांनी मला वर्षाच्या बोलीवर पाठवलं होतं. पण साहेब मुंबईत होते आणि अण्णा माझ्यासमोर. वर्षाची बोली सुटली, मी म्हणालो, जेवढे सामने तेवढंच बोलणं, आवणीला (भाताच्या लावणीला) खंडू घरी. त्याने बूट आणि जर्सी आणून सगळ्यांदेखत माझ्या पिशवीत टाकली. फेटा मात्र माझ्याजवळ नव्हता, डोक्यावर काळी टोपी. धोंडिबा आत गेले आणि लग्नासाठी घेऊन ठेवलेला लाल फेटा घेऊन आले. तो त्यांचाच राहिला तर बोलावणं कंपनीचं कसं, असा प्रश्न निघाला. मी बदल्यात चहाचे दोन्ही पुडे दिले आणि फेटा कंपनीचा झाला. नारळ देवळातला. बांधायला गेलो तर खंडूचं डोकं दुखणेकऱ्यासारखं दिसायला लागलं, तेव्हा अण्णांनी माझे हात बाजूला करून स्वतः बांधला. शेवटचा पेच खोचताना ते जावयाला म्हणाले, “माघात लगीन. तवर पायात मालकाची वहान दिसली, का मोडलं म्हून समज.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं परत निघालो. वाटेत मी साहेबांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो. तिचा काही उपयोग झाला नाही. वर्षाची बोली नाही हे ऐकून साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि तेवढ्यात दारात लाल फेटा दिसला. आठ्या गेल्या. त्यांनी त्याच दिवशी चितारी बोलावला. नव्या डब्यावर हाच मावळा, हातात चेंडू.

खंडूला स्टुलावर बसवलं. चितारी छातीपर्यंतचं चित्र काढणार होता. खंडूने मला जवळ बोलावून हळूच विचारलं, हे डबे आमच्या बाजूला जातात का. नसरापूरपर्यंत जातात, मी म्हणालो. तो स्टुलावरून उठून उभा राहिला.

“मंग पाय बी काढा,” तो चिताऱ्याला म्हणाला. “समदं पाय.”

पाय कशाला, म्हणून साहेबांनी मला विचारलं. लोकांना नवल वाटेल, खप वाढेल, मी सांगितलं. त्यांना ते पटलं. खंडू हंगामभर अनवाणीच खेळला, आवणीला घरी जाऊन आला, आणि तट्ट्यांबाहेर त्याच्या चित्राखाली चहा विकला जाऊ लागला. मुंबईत पुष्कळ लोकांनी त्या उघड्या पायांवर पुष्कळ मतं दिली. कोणी त्यात गरिबी पाहिली, कोणी बाणा. ते चित्र मार्गासनीच्या एका माणसाने बघावं म्हणून काढलं आहे, हे माझ्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं, आणि जाहिरातीच्या धंद्यात असं बोलूही नये.

पावसाळा संपता संपता कंपनीचा फिरता एजंट नसरापूरहून आला. एका दुकानात पांढऱ्या मिशांचा एक गृहस्थ आला, म्हणे. डबा उजेडात नेऊन त्याने चित्राच्या खालच्या बाजूला बराच वेळ बघितलं, मग पैसे टाकून तो विकत घेतला. आतला चहा मात्र दुकानदाराच्या फळीवर ओतून ठेवला, आमी पीत न्हाई म्हणाला, आणि रिकामा डबा काखेत मारून गेला.

आमच्या हिशेबी तो एक डबा खपला.