एका ओळीतले ठिपके

स्क्रीनवर चार ठिपके उमटले आणि, खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. एक्स-रेत दिसलं नव्हतं ते माझ्या मशीनने पकडलं होतं. आता मीनल काय बोलते ते बघायचं होतं.

मीनल म्हणजे माझी बॅचमेट. वर्ध्याजवळच्या एका मेडिकल कॉलेजात आम्ही दोघी नोकरीला. ती रेडिओलॉजीत, मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये. दोन हजार सालानंतरची गोष्ट. तिच्याकडे नवंकोरं सीटी स्कॅन आलं होतं. एसी खोली, काचेचं दार, उद्घाटनाला पाहुणे. माझ्याकडे तळघरातला जुना गॅमा कॅमेरा, आणि बाहेर एक बाकडं. जो तो येऊन विचारायचा, "सीटी कुठे आहे हो?" मी रस्ता दाखवायची आणि आतल्या आत जळायची.

आमचं काम असं. अगदी थोडं किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. हाडांत जिथे दुरुस्तीची धावपळ चालू असेल तिथे ते जास्त जमतं, आणि कॅमेऱ्यात ती जागा गडद दिसते. तिला आम्ही हॉट स्पॉट म्हणतो. हाड दिसतं कसं ते सीटी सांगतं. हाड करतंय काय ते आम्ही सांगतो. पण धावपळ कशाची, ते ठिपका सांगत नाही. कॅन्सर असेल, नाहीतर मुका मारही असेल.

पेशंट होत्या सिंदी रेल्वे गावच्या शकुंतलाबाई. मुलाचं कापडाचं दुकान. स्तनाचा कॅन्सर होता, पण लवकर कळलेला. हाडांत पसरला नसेल तर ऑपरेशन. पसरला असेल तर ऑपरेशन रद्द, नुसती औषधं. माझ्या रिपोर्टवर सगळं अडलं होतं.

मी परत बघितलं. ठिपके उजव्या बरगड्यांवर होते, एकाखाली एक, शर्टाच्या गुंड्यांसारखे. माझा आनंद तिथेच मावळला. कॅन्सर असा ओळ धरून बसत नाही. तो इकडे एक, तिकडे एक, नाहीतर एकाच बरगडीवर लांबवर पसरतो. ओळ म्हणजे मार.

"बाई, कुठे पडलात का?"

"नाई जी." पण बोलताना नजर मुलाकडे.

मुलाला मी चहा आणायला पिटाळलं. दार लागलं तशा त्या कुजबुजल्या, "मागच्या चतुर्थीले केळझरच्या गणपतीले गेलती. ऑपरेशन चांगलं होऊ दे म्हणून. पायरीवरून पाय घसरला न् कठड्यावर आपटली."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"देवाच्या दारात पडली म्हणलं तं अपशकुन म्हणतीन घरचे. ऑपरेशन करूच देणार नाईत. मले जगायचं हाये बाई. पोराले नका सांगू."

मी रिपोर्ट घेऊन सर्जरीच्या सरांकडे गेले. त्यांनी ठिपके बघितले आणि मान हलवली.

"पसरलाय. ऑपरेशन कॅन्सल."

"सर, हा मार आहे. एका ओळीत आहेत. त्या पडल्या होत्या."

"एक्स-रे तर नॉर्मल आहे."

"बारीक चिरा एक्स-रेत सुटतात, सर."

"सीटीत दिसू द्या, मग मानतो. मीनल मॅडमकडे पाठवा."

तळपायाची आग मस्तकात गेली. निदान माझं, आणि शिक्का तिचा! पण शकुंतलाबाई बाकड्यावर पदर मुठीत धरून बसल्या होत्या. गेले मुकाट्याने.

मीनलने माझी फिल्म उजेडात धरली. "किती धूसर गं तुमच्याकडे सगळं!"

"बरगड्यांचे पातळ कट्स घे. या चार जागी."

"आज स्लॉट फुल आहेत. पण जाऊ दे, तुझ्यासाठी करते."

तुझ्यासाठी म्हणे! जशी काही बरगडी माझीच मोडली होती.

चारही जागी केसासारख्या चिरा निघाल्या, अगदी मी दाखवल्या तिथे. कॅन्सरचा मागमूस नाही. मीनलने रिपोर्ट लिहिला. माझ्या स्कॅनचा उल्लेख त्यात एका ओळीत, तोही शेवटी. सरांनी तिला फोन करून "एक्सलंट" म्हटलं. मी समोरच उभी होते.

ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी शकुंतलाबाई दाखवायला आल्या. अंगाने भरलेल्या, हातात पेढ्यांचा पुडा. मला बघून थांबल्या. मी हात पुढे करणार, तेवढ्यात म्हणाल्या, "सीटीवाल्या बाई कुठी बसतात जी? त्यांच्या मशीननं वाचवलं मले. तुमच्या मशीननं तं जीवच काढला होता!"

मी रस्ता दाखवला.

तेव्हापासून बोन स्कॅनच्या आधी मी प्रत्येकाला विचारते, कुठे पडलात का? तेही घरच्यांना बाहेर बसवून. निदान अर्धं तिथेच होतं. उरलेल्या अर्ध्याचे पेढे कुणाला मिळतील, ते आपल्या हातात नसतं.

त्या दिवशी दुपारी मीनलने त्या पुड्यातले दोन पेढे शिपायाबरोबर पाठवले. तुझ्यासाठी, असा निरोपही होता. मी ते शिपायालाच देऊन टाकले.